आजोबांचा श्रावण

आजोबा दारू पितात हे तुम्हांला कळू नये, असं तुमच्या आईला वाटतं. मला तसं वाटत नाही. तुम्ही आता मोठे आहात, आणि रविवारी संध्याकाळी आजोबा फोनवर का येत नाहीत हे दर वेळी विचारता.

मुलुंडची आपली जुनी इमारत पाडली आणि त्यांचे मित्र पांगले. एक दहिसरला गेला, एक मुलाकडे पुण्याला, एक वारला. पूर्वी शनिवारी चौघं मिळून घ्यायचे. वाद, हसणं, माझी भजी, सगळं असायचं. नव्या टॉवरमध्ये शनिवारचं रोज झालं. सात वाजले की आतल्या खोलीत, दार लावून, एकटे. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. मी काही म्हटलं की उत्तर तयार: "मी काय गटारात लोळतो का गं? व्यसन असतं तर श्रावण पाळता आला असता?"

या श्रावणाचा मला वीट आला आहे. महिनाभर सोडली की माणूस ठणठणीत, असं प्रमाणपत्र घरोघरचे पुरुष स्वतःच स्वतःला देतात.

यंदाही सोडली. पण सात वाजता दार लागलंच. ढकलून पाहिलं तर दिवा बंद, ग्लास नाही, आणि हे भिंतीकडे तोंड करून पलंगावर.

"काय करताय?"

"काही नाही. बसलोय."

बाटलीची वाटली नव्हती इतकी त्या बसण्याची भीती वाटली.

मनाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर "मला काय वेड लागलंय?" रोज तेच. शेवटी म्हटलं, "नका येऊ. मी एकटी जाऊन तुमच्याबद्दल सगळं सांगते." तेव्हा निमूट चपला घातल्या.

डॉक्टर तरुण मुलगी होती. "किती घेता, काका?"

"श्रावणात थेंब नाही."

"मग श्रावणात संध्याकाळी काय करता?"

मी तोंड उघडलं, तर तिने मला हातानेच थांबवलं. हे म्हणाले, "बसतो. बोलायला कुणी नसतं."

"मग मी काय खांब आहे?" माझ्या तोंडून गेलंच.

बाहेर आल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी तू बाहेर बस."

इतका राग आला की रिक्षात मी पर्स दोघांच्या मध्ये ठेवली. घरी पोचल्यावर लक्षात आलं, 'पुढच्या वेळी' म्हणाले.

वेळ घेऊन ठेवली आहे. आत बसणार नाही. जिवावर येईल, पण बसणार नाही.