राहीबाईंचं खोटं

माझ्या सासूबाई, राहीबाई, आयुष्यात एकदाच खोटं बोलल्या, आणि तेही नवऱ्याला बरं वाटावं म्हणून. एरवी बाई इतकी फटकळ की विचारू नका. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, तुझ्या कालवणात बोंबील नुसते आंघोळ करतायत, असं त्यांनी मला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. मी रडले. दुपारी त्यांनीच मला शेजारी बसवून वाटण शिकवलं, आणि तेव्हापासून माझं त्यांच्याशी जितकं जमलं तितकं माझ्या नवऱ्याशीही जमलेलं नाही.

आमचं घर भिवंडीत कामतघरला, आणि घराला लागूनच आमची लूमची, म्हणजे यंत्रमागांची शेड. लूम चालू असले की शेजारच्याचं ऐकू येत नाही, आणि वीज गेली की कुणी कूस बदलली तरी कळतं. आमची आणि सासूसासऱ्यांची मुळात एकच खोली, मध्ये प्लायवूड मारून दोन केलेली. त्यामुळे त्या दोघांचं कसं काय चाललंय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. साठीला टेकलेला माणूस बायकोला जवळ घेतो आणि सकाळी ती केसांत अबोलीची वेणी माळून गुणगुणत चहा टाकते, हे मी नवी नवरी असताना पाहिलंय. मला हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू?

दोन हजार पाच साली आप्पांना, म्हणजे माझे सासरे चांगदेव यांना, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, ग्रंथी काढली, वेळेत आलात असं डॉक्टर म्हणाले. त्याच डॉक्टरांनी हितेशला, माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन आणखीही सांगितलं. पुरुषाचं पूर्वीसारखं होईलच असं नाही, लघवी काही महिने गळेल, गोळ्या आहेत, पण नवराबायकोने यावर बोलायला हवं, पुढच्या वेळी दोघांना घेऊन या. लूममालकांच्या मीटिंगमध्ये टेबल आपटून बोलणारा हा गडी घरी आला आणि आईबापाला एवढंच म्हणाला, जड उचलायचं नाही.

पुढचं आईंनीच, म्हणजे सासूबाईंनीच, मला नंतर सांगितलं. जखम भरल्यावर आप्पांनी त्यांना जवळ घेतलं. काही झालं नाही. काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा अंथरूणच ओलं झालं. आप्पा पलंगाच्या कडेला मान खाली घालून बसले. आईंचा जीव गलबलला. त्या म्हणाल्या, "जाऊंद्या वो. मना तसंबी त्याचं कदी काय नव्हतं."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी आपली वळकटी उचलली आणि शेडमधल्या सुताच्या खोलीत नेली. विचारेल त्याला सांगायचे, सुताची चोरी होते, मालकाने जातीने राखण करावी. आळीतले लोक म्हणायचे, बघा, एवढ्या आजारातून उठला तरी माणूस कामाला कसा वाघ आहे. आई हे ऐकून आत निघून जायच्या.

महिने गेले. आई चहा घेऊन शेडमध्ये जायच्या, तर आप्पा बोटाला बोट लागू न देता कप घ्यायचे. पाठीला तेल लावून देते म्हणाल्या, तर नामाकडून लावून घेतो म्हणाले. नामा म्हणजे आमचा जुना कारागीर. आईंनी वेणी माळणं सोडलं. मासळी ओट्यावर तशीच पडायची, बोललं की अंगावर यायच्या. एकदा भाकरी थापता थापता त्यांचे हात थांबले. "मानूस जिता हाय आनि मी रांडाव झाली, पोरी," म्हणाल्या. परातीतलं पीठ वाळून गेलं तरी त्या तशाच बसून होत्या.

त्या दिवशी मी हितेशला धरलं. डॉक्टर नक्की काय म्हणाले होते, हे त्याच्याकडून वदवून घ्यायला माझी अर्धी दुपार गेली. ऐकल्यावर इतका संताप आला की आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. आईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांना हायसं वाटलं. म्हणजे हे ऑपरेशनचं आहे, आपल्यावरचं मन उडालेलं नाही! उठल्या आणि तडक शेडमध्ये गेल्या.

गेल्या तशा परत आल्या. आप्पांना तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सांगून ठेवलेलंच होतं. ते फक्त म्हणाले, मना म्हाईत हाय, आणि बॉबिनच्या पेट्या मोजायला लागले. मग हा माणूस तिथे का राहतोय, हे आम्हा दोघींना कळेना.

त्यानंतर एका शुक्रवारी लोडशेडिंगमुळे लूम बंद होते. कारागीर बाहेर सावलीत बसलेले. नामा दुसऱ्या एकाला घेऊन घरात आला आणि चाचरत म्हणाला, शेठनी त्यांचा पलंग हितेशभाऊंच्या खोलीत टाकायला सांगितलाय. त्यांना तरी उपयोग होईल म्हणाले.

आई पलंगावर बसल्या. दोघे उभे राहून कंटाळले, निघून गेले. मग आई उठल्या आणि अनवाणीच शेडकडे निघाल्या. चेहरा असा की मी घाबरून मागोमाग धावले. सुताच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आप्पा पोत्याला टेकून बसले होते.

"पलंग कोनाला देताव?" आईंनी विचारलं.

आप्पा म्हणाले, आपल्याला आता काय कामाचा.

"मी खोटी बोलली," आई म्हणाल्या. बंद शेडमध्ये तो आवाज बाहेरच्या सावलीपर्यंत गेला असणार. "त्या दिवशी, मना कदी काय नव्हतं म्हनली ना, ती खोटी बोलली. मना हवं होतं. लगीन झाल्यापासून हवं होतं. आजबी हवं हाय."

मला तोंड लपवावंसं वाटलं आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं. आप्पांनी दाराकडे पाहिलं. बाहेर कारागीर आहेत, हळू बोल, म्हणाले.

"आयकूंद्या."

आप्पांचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यांना मी आजारपणातसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. "मना वाटलं, इतकी वर्सं तू नुसती सोसलीस," ते म्हणाले. "मना वाटलं, तू सुटलीस एकदाची."

"सुटली न्हाय. तुमी टाकली मना."

आई त्यांच्यासमोर फरशीवर बसल्या. आप्पांनी पंच्याने तोंड पुसलं. आता माझ्याकडून ते व्हायचं नाही राही, म्हणाले, कदाचित कधीच नाही. आईंनी त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, हा तर नाही ना कापला डॉक्टरने.

आप्पा त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुला काय आवडतं?"

कुणालाही उत्तर द्यायला न चुकणारी ही बाई नवऱ्यापुढे शब्द शोधत बसली.

"मना म्हाईत न्हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "कदी इचारलंच न्हाय तुमी."