मातीवाली कमलकाकू

कमलकाकू मातीला रागवायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, पलीकडच्या अंगणात कुणा मुलाची हजेरी घेते आहे. "कावून रे, कालपासून भिजवून राहिली मी तुले, अन् आज असा फुटून राहिला? लाज हाय का काही?" कुंपणावरून डोकावले तर काकू एकटीच, कोपरापर्यंत चिखलाने माखलेली, आणि समोर बिनडोक्याचा गणपती. मूर्तीचे डोळे काढून झाले की मात्र ती डोक्यावर पदर घ्यायची आणि रागावणं बंद व्हायचं.

भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये आमची क्वार्टर्स पाठीला पाठ लावून होती. मी दुर्गची, लग्न होऊन नुकतीच आलेली. काकू आर्वीकडची, तिचे यजमान स्टील प्लांटमध्ये क्लार्क. शिवनाथ नदीच्या काठची माती ते सायकलवर पोत्यातून आणायचे. काकू खडे वेचायची, कापूस घालून माती कुटायची. आसपासच्या मराठी घरांतले गणपती तिच्याच हातचे असत. मंडळाचा मोठा गणपती मात्र रायपूरहून यायचा, प्लास्टरचा, झगझगीत रंगांचा.

एका उन्हाळ्यात विसर्जनाचा तलाव आटला. भाजी घेऊन आम्ही दोघी त्या बाजूने येत होतो. काठाजवळच्या चिखलातून एक मुकुट वर आला होता, थोडं पुढे रंग उडालेलं मोठं पोट. त्या पोटाला पाठ टेकून एक कुत्रं झोपलं होतं. काकू भर उन्हात उभी राहिली.

"पुढच्या वर्षी लवकर या, म्हटलं ना वो आपण याले?" ती म्हणाली. "हा तर गेलाच नाई."

मंडळाच्या बैठकीत तिने मातीच्या मूर्तीचा विषय काढला. सचिव देशकर साहेब प्लांटमधले अधिकारी. बोलणं मऊ, पण शब्द मागे न घेणारे. "काकू, घरचा गणपती वेगळा. आपल्याकडे तेलुगू, बंगाली, सगळे बघायला येतात. पाच फुटांची मूर्ती मातीची होते का?"

"होते," काकू म्हणाली. तिच्या आवाजात ईर्षा होती.

"ठीक आहे. हरतालिकेपर्यंत वाळली तर तीच बसवू. पण रायपूरला मी सांगून ठेवतो."

त्या श्रावणात ऊन पडलंच नाही. मागच्या व्हरांड्यात मूर्तीच्या दोन्ही बाजूंना कोळशाच्या शेगड्या पेटल्या. धुराने काकूचे डोळे लाल झाले. मग मानेपाशी केसासारखी एक चीर दिसली. तिने मातीच्या पाण्यात फडकं भिजवून ती बुजवली. चीर पुन्हा वर आली. घरात कुणी मोठ्याने बोलेना. काका पाय न वाजवता चालत. हरतालिकेच्या सकाळी, निर्जळ उपास धरून, ती सोंडेवरून हात फिरवत होती. ओलं कापड पडावं तसा आवाज झाला, आणि सोंडेसकट अर्धा चेहरा तिच्या मांडीवर आला.

देशकर साहेब दुपारी आले, व्हरांड्यात डोकावले आणि परतले. काकू रडली नाही. मांडीवरची माती गोळा करत म्हणाली, "मीच चुकली. हा मी देवासाठी मोठा करून नव्हती राहिली. साहेबाले दाखवासाठी करून राहिली होती." मग त्याच मातीतून तिने वीतभर उंचीची मूर्ती केली.

मंडळाने तोडगा काढला: समोर प्लास्टरची मोठी मूर्ती, तिच्या पायाशी पूजेला काकूची लहान. सगळ्यांचं समाधान झालं. काकूचं झालं नाही.

अनंत चतुर्दशीला ट्रक तलावाच्या उतारावर आला तेव्हा काकू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मोठा पाण्यात नेऊ नका. मंडळाच्या हॉलमध्ये ठेवा, पुढल्या वर्षी रंग द्या. पन पाण्यात नाई."

ढोल थांबले. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. "अरे चाची, हटो ना!" पोरं ओरडू लागली. दोघं ट्रकवरून उड्या टाकून तिच्या अंगावर आले. काकांनी तिचा दंड धरला. "कमल, चाल. लोक पाहून राहिले." तिने हात झटकला.

देशकर साहेब पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "काकू, देवाच्या कामात आडव्या येता?"

"आडवी नाई येत, साहेब. लहान बाप्पाले तुम्ही आपल्या हातानं बुडवा. पाण्यात उतरा. परत येऊन म्हणाल, मोठ्यालेही न्या, तं मी बाजूले होते."

साहेब लहान मूर्ती घेऊन कमरेपर्यंत पाण्यात गेले. बुडवता बुडवता माती त्यांच्या हातात मऊ झाली, विरघळली. ते वळले, आणि थांबले. पायाने काहीतरी चाचपलं. मग वाकून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. वर आला तो प्लास्टरचा हात. त्याच्या कड्यावर अजून सोनेरी रंग होता. गेल्या वर्षी त्याच मूर्तीसमोर त्यांनी नारळ फोडला होता. त्यांनी तो हात हळूच पाण्यात ठेवला आणि काठावर आले.

"ट्रक फिरवा."

आरडाओरडा झाला. कुणीतरी गुलालाचं ताट काकूच्या पायाशी आपटलं. पण ट्रक फिरला.

त्याची किंमत काकूनेच मोजली. विसर्जन न झालेला गणपती हॉलमध्ये आहे म्हणून टाऊनशिपभर कुजबुज सुरू झाली. कुणाच्या घरी ताप आला तरी बोट तिच्याकडे. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. पुढच्या श्रावणात एकाही घरून मूर्ती सांगायला कुणी आलं नाही. व्हरांडा कोरडा राहिला. एका रविवारी देशकर साहेब बायकोला घेऊन आले. "मंडळाची मूर्ती तुम्ही करा, काकू. लहानच करा."

"मंग बसा. माती मळा," काकू म्हणाली. साहेब बाह्या सरसावून बसले. सेक्टरमधल्या लोकांनी ते पाहिलं, आणि हळूहळू पुन्हा एकेक घर येऊ लागलं.

काका रिटायर झाल्यावर दोघं आर्वीला गेली. काकू वारली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. दुर्ग स्टेशनवर निरोप द्यायला गेले तेव्हा मी तिला विचारलं होतं, "काकू, त्या दिवशी ट्रकसमोर तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना वो. पन त्या पोट्ट्यायचं भेव नव्हतं मले." तिने आवाज खाली आणला. "साहेबाच्या हाती पाण्यात काही लागलं नसतं अन् ते म्हणाले असते, मोठ्यालेही न्या, तं मले बाजूले व्हा लागलं असतं. शब्द देला होता ना मी."