कर्णिकबाईंचा शनिवारचा तास

मानसशास्त्राची पुस्तकं मी केव्हाच विसरले, पण कर्णिकबाईंच्या शनिवारच्या तासाचे किस्से काही हलायला तयार नाहीत. एक सांगायला घ्यावा, तर मागचे दोन पुढे घुसतात!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाई आम्हाला एम.ए.ला शिकवायच्या. दर शनिवारी मला, लिमयेला आणि कुंदा साळवेला बसने आकुर्डीला न्यायच्या. तिथल्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत कामगार आणि त्यांच्या घरचे लोक मनाची दुखणी घेऊन यायचे. "माणूस कळायला हवा असेल, तर आधी तो कशाला हात जोडतो ते विचारा," हा बाईंचा हट्ट.

पहिल्याच दिवशी लिमये ताठ उभा राहिला. "मॅडम, मी नास्तिक आहे!"

"असं का?" बाई म्हणाल्या. "सोवळं किती कडक आहे तुमचं?"

*

चाकणकडचा एकजण बायकोला घेऊन आला. दर मंगळवारी तिच्या अंगात यायचं. लिमयेने पुस्तकातले सगळे प्रश्न विचारून संपवले. बाईंनी एकच विचारला, "देवी म्हणते काय?"

"दारू सोड म्हणती," नवरा पुटपुटला. "मंगळवारी न्हाई घेत मी."

"आणि ही स्वतः सांगते तेव्हा?"

बायकोच बोलली, "म्हणून तर देवीला बोलवावं लागतं, बाई!"

बाईंनी उपचार सुरू केले, ते नवऱ्यावर.

*

कुंदा बौद्ध, वडील कारखान्यात. तिच्या वस्तीतले एक आजोबा आले. बायको गेल्यापासून त्यांनी बोलणंच टाकलेलं. एव्हाना लिमये इतका सुधारला होता, की हळुवार आवाजात म्हणाला, "आजोबा, देवावर भरवसा ठेवा."

आजोबांनी मान वर केली. "लेकरा, देव आमी कवाच सोडले. तुमच्यात अजून हायेत व्हय?"

कुंदाला हसू आवरेना. मग ती त्यांच्याजवळ बसली. "आजोबा, संध्याकाळची वंदना कोण म्हणायचं घरी?"

"तीच म्हणायची. आता घर मुकं झालं."

कुंदाने हलकेच वंदना सुरू केली. दुसऱ्या ओळीला आजोबांचे ओठ हलू लागले.

परतताना बाई म्हणाल्या, "लिमये, नास्तिकांशीही जरा बोलायला शिका!"

*

आणि ते तात्या. जमीन कंपनीत गेली, दुसऱ्या कंपनीत नोकरी लागली, पण झोप उडाली. गोळ्या झाल्या, काही फरक नाही. लिमयेने विचारलं, "तात्या, मनात काय येतं?"

"बांधावरचा म्हसोबा कंपाउंडच्या आत ऱ्हायला. त्याला न सांगताच निघालो, साहेब."

बाईंनी लिमयेकडे पाहिलं. "जा घेऊन त्यांना."

गेटवर वॉचमनने अडवलं. "कोणाला भेटायचंय?"

"म्हसोबाला," लिमये म्हणाला.

"कुठल्या डिपार्टमेंटला आहेत?"

लिमयेने कुठल्या कुठल्या साहेबांना गाठून परवानगी काढली. गोदामामागच्या गवतात म्हसोबा होता. दोघं तासाभराने बाहेर आले.

पुढच्या शनिवारी तात्या हसतच आत शिरले. "लागली बाई झोप! पार शिफ्ट चुकली!"

ते गेल्यावर बाईंनी विचारलं, "लिमये, काय केलंत तिथे?"

"काही नाही, मॅडम," लिमये म्हणाला. "त्यांच्या चपला धरून उभा होतो."