न पाहिलेले घर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीला नाही, मुलीलाही नाही. आता लिहितो आहे तेही देवनागरीत, कारण आमच्या घरात ही लिपी वाचणारा मी शेवटचा. तेव्हा माझे हे धैर्य कितपत खरे, ते वेगळे सांगायला नको.

आधी माझे काम समजावून सांगतो. मी तंजावुरात परिवीक्षा अधिकारी होतो. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला तुरुंगात धाडावे, की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी सोडावे, हे ठरवण्यापूर्वी न्यायालय आमचा अहवाल मागवी. आम्ही आरोपीच्या घरी जायचे, घरची माणसे पाहायची, आणि ते घर त्याला सांभाळील का, ते लिहायचे. न्यायाधीश ते घर स्वतः पाहत नाहीत. आमच्या डोळ्यांनी पाहतात.

रघुनाथ आणि सेल्वम एकाच वर्कशॉपमध्ये कामाला होते. दोघांनी मिळून एका मळ्यातली पंपाची मोटार चोरली, आणि दोघांनी तसे कबूलही केले. गुन्हा एकच, वयही सारखेच. रघुनाथ राजवाड्यामागच्या आमच्याच गल्लीतला, मराठी घरचा. त्याच्याकडे मी झोपाळ्यावर बसलो, कॉफी घेतली, त्याच्या वडिलांशी आमच्या भाषेत बोललो आणि अनुकूल अहवाल लिहिला. तो खोटा नव्हता.

सेल्वम ओरत्तनाडुजवळच्या चेरीतला — गावाबाहेरच्या दलित वस्तीतला. तिथेही मी गेलो. म्हणजे — गेलो, असे नोंदवले. बसमधून उतरून वस्तीच्या तोंडाशी थांबलो आणि आत निरोप धाडला. त्याची आई लगबगीने आली. हातात सोड्याची बाटली.

“उळ्ळ वांग, सार.” आत या, म्हणत होती.

मी घड्याळाकडे पाहिले. तेव्हा तिने बाटली पुढे केली. “दुकानातली आहे, सार. झाकण काढलेलं नाही. आमच्या भांड्याला तोंड लावायला नको तुम्हाला. खुर्चीपण मागून आणलीय.”

माझी अडचण तिने माझ्याआधी ओळखली होती — आणि सोडवूनही ठेवली होती. मग मी आत का गेलो नाही? बस चुकली असती? बसला अर्धा तास होता. ऊन फार होते? सावली तिच्याच दारात होती. मला ते घर शिवायचे नव्हते. एवढेच.

अहवालात लिहिले : ‘घरातील वातावरण असमाधानकारक, देखरेखीचा अभाव.’

रघुनाथ हमीवर सुटला. सेल्वमला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. निकालानंतर त्याच्या आईने न्यायालयाच्या व्हरांड्यात मला हात जोडले. मी चांगलेच लिहिले असेल आणि तरीही असे झाले, असे तिला वाटले असावे. मीही हात जोडले.

त्याच सुमारास माझा भाचा कंप्यूटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला होता. एका रविवारी त्याचा फोन आला.

“मामा, इथं काही राज्यांत जज्जाला लोक मतं देऊन निवडतात! आणि म्हणे, त्याच गुन्ह्याला काळ्याला जास्त शिक्षा, गोऱ्याला कमी. आपल्याकडं असं नाही की?”

“आपल्याकडे न्यायाधीश निवडणुकीला उभे राहत नाहीत,” मी म्हणालो.

तो हसला. घरात मला सगळे ‘वाद्यार’, म्हणजे मास्तर, म्हणून चिडवत. “आणि रिपोर्ट लिहायला आमचे वाद्यार! मग कोणाची बिशाद!”

माझे उत्तर शब्दशः खरे होते. तिथे अशा शिक्षेसाठी पुष्कळ लोकांना मतदान करावे लागत असेल. इथे मी एकटा पुरलो.

पुढे नव्या अधिकाऱ्यांना शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. पहिला नियम मी स्वतः फळ्यावर लिहीत असे — उंबरा ओलांडल्याशिवाय एक ओळही लिहू नये. सगळे तो निमूटपणे उतरवून घेत.

मागून आणलेली ती खुर्ची तिने कुठे मांडली होती, भिंतीवर काय होते, चूल कोणत्या बाजूला होती — मला आजही ठाऊक नाही.