चार जुलैचं पारायण

अमेरिकेच्या इतिहासावरची माझी आवडती पुस्तकं कोणती, असं मला कुणी विचारत नाही, कारण मी इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला राहतो. त्या इतिहासाबद्दल इथल्या लोकांचं मत एवढंच, की ते प्रकरण आपल्या हातून निसटलं आणि त्यावर चारचौघांत फार बोलू नये. म्हणून तर ती पुस्तकं इथल्या चॅरिटी शॉपमध्ये ढिगानं येतात. कुणीतरी म्हातारा वारतो, घरचे कपाट रिकामं करतात आणि शनिवारी मी तिथं हजर असतो. वीस वर्षांत माझं एक अख्खं शेल्फ भरलंय. बायको त्याला ‘तुमची अमेरिका’ म्हणते आणि धूळ पुसताना तेवढं वगळते.

त्यातली चार माझी खास. एक जाडजूड, तिथल्या स्वातंत्र्ययुद्धाचं. लिहिणारा प्रत्येक तंबूत जाऊन बसला असावा, असं सांगतो. दुसरं एका बाईच्या पत्रांचं. नवरा देश घडवायला घर सोडून गेलाय, ही शेत बघते, पोरं बघते आणि पत्रातून नवऱ्याला झापतेही. तिसरं पळून सुटलेल्या एका गुलामानं स्वतः सांगितलेलं आयुष्य. ते मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मधेच उठून बागेत गेलो. चौथं लहान मुलांचं, चित्रांचं. त्यात इंग्रजांच्या करावर चिडलेले लोक चहाच्या पेट्या धडाधड समुद्रात फेकतायत आणि एक मासा दचकून बघतोय. त्या माशासाठीच मी ते घेतलं.

ही पुस्तकं कधी कामाला येतील, असं वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी आली. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते. मे महिन्यात तिची सिटिझनशिपची मुलाखत झाली. तिथं देशाच्या इतिहासाचे प्रश्न तोंडी विचारतात. प्रश्नांची यादी आधीच मिळते. हिनं ती फ्रिजवर, गाडीत, बाथरूमच्या आरशावर, जिथं जागा मिळेल तिथं चिकटवली होती. ऑफिसरनं तिला धीर यावा म्हणून सगळ्यात सोपा प्रश्न टाकला, आपला स्वातंत्र्यदिन कधी असतो? आणि ही बया ताठ मानेनं म्हणाली, पंधरा ऑगस्ट. ते स्वतःच्याच कानांनी ऐकल्यावर तिला घाम फुटला आणि पुढचं सगळं डोक्यातून साफ पुसलं गेलं. नापास. दुसरी संधी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि तीही हुकली की सगळा अर्ज पहिल्यापासून.

मी फोनवर इतका हसलो की तिनं फोन आपटला. मग मला सुचलं की हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ती सिटिझन झाली की आईला कायमचं तिकडे नेऊ शकणार होती. माझ्याकडे आई येते ती व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांपुरती, मे ते दिवाळी. इथल्या नियमांनी आईला कायमचं आणायचं तर ती जवळजवळ अंथरुणाला खिळलेली हवी, आणि आमची आई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्या लॉनमधलं तण हातानं उपटते. उरलेले सहा महिने ती सांगलीला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी असते आणि आम्ही भावंडं दोन देशांत बसून काळजी करतो. म्हणून आमचं फोनवर पक्कं झालं होतं: धाकटी पास झाली की आई तिकडे, आणि फ्लॅट विकायचा.

आता कशाला खोटं बोलू, मी शहाण्यासारखा हो म्हणालो होतो, पण माझ्या पोटात दुखत होतं. आई कायमची धाकटीकडे, आणि मी ख्रिसमसच्या सुट्टीत बॅग घेऊन जाणारा पाहुणा. धाकटीला लहानपणापासून सगळ्यात मोठा वाटा मिळत आलाय, त्यात आता आई पण. त्यामुळे तिला इतिहास शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा माझी भलतीच पंचाईत झाली. नीट शिकवलं तर आई जाणार. न शिकवावं तर भाऊ कसला मी?

आई तेव्हा माझ्याकडेच होती. नापास झाल्याचं तिला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. ते बायकोनं दुसऱ्याच दिवशी मेथी निवडताना सांगून टाकलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मी केलेल्या प्रश्नोत्तरांच्या रंगीत कार्डांचा गठ्ठा उलटापालटा करून बघितला आणि निकाल दिला, की असं चिठ्ठ्याचपाट्यांनी काही डोक्यात राहत नसतं. पारायण करा. सात दिवस, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, मधे उठायचं नाही, पान गाळायचं नाही, आणि चार जुलैला सांगता.

मी म्हटलं, आई, हा इतिहास आहे, पोथी नाही. ती म्हणाली की लोकांनी जीव टाकलेत ना त्यात, मग अंघोळ करून वाचायला काय झालं? माझं जाडजूड पुस्तक सात दिवसांत होणं शक्यच नव्हतं, त्यावर आमची खडाजंगी झाली. शेवटी लहान तीन पुस्तकं अथपासून इतिपर्यंत आणि जाड्यातला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा तेवढा एक अध्याय, अशी तडजोड निघाली. मोठ्या पोथीतला एखादाच अध्याय वाचायचीही पद्धत असते, असं आईनं मोठ्या मनानं मान्य केलं.

आमचे संध्याकाळचे सहा म्हणजे धाकटीचा दुपारचा एक, लंच अवर. ती ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत डबा उघडून बसायची, जागा ठरलेली म्हणून शनिवार-रविवारी आणि चार जुलैच्या सुट्टीलाही. इकडे कन्झर्व्हेटरीत, म्हणजे बागेकडच्या काचेच्या खोलीत, स्टुलावर धुतलेला टॉवेल, त्यावर पुस्तक, शेजारी समई, समोर लॅपटॉप. मला साडेचारला दुसरी अंघोळ. त्या आठवड्यात पाचची टीम मीटिंग मी ओल्या केसांनी केली. मॅनेजरनं तिसऱ्या दिवशी काळजीनं विचारलं, की तू स्विमिंग वगैरे चालू केलंस का? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो?

वाचायचं इंग्रजीतून आणि सांगायचं मराठीतून, असं माझं चालायचं. पहिल्या दिवशी चित्रांचं पुस्तक झालं. मासा आईलाही आवडला. दुसऱ्या दिवसापासून पत्रवाली बाई आली आणि आईनं पारायण ताब्यातच घेतलं. बटाट्याचं पीक काढलं कुणी, पोराच्या तापाला औषध काय केलं, हा नवरा इतके महिने करतो काय तिकडे, सगळं तिला जिथल्या तिथे हवं असायचं. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. मी ठोकून द्यायचो. एकदा दारावर पार्सलवाला आला, बेल वाजवून वाजवून थकला, पण आईनं बोट वर करून मला जागेवर बसवलं. पार्सल बिनमध्ये ठेवून तो निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी येण्याआधी मला ते उपसून काढावं लागलं.

गुलामाच्या पुस्तकाला दोन दिवस लागले. तेव्हा कुणी काही खाल्लं नाही. धाकटीचा डबा तसाच होता. आईनं मधे एकदाच विचारलं, की देश स्वतंत्र झाला तेव्हा याला विचारलं होतं का कुणी? नाही, म्हटलं. आणि त्या पत्रवाल्या बाईला? तिलाही नाही. मग आई पदरानं चष्मा पुसत राहिली. मला मात्र त्या दिवशी बागेत जायची सोय नव्हती, मधे उठायचं नव्हतं ना.

चार जुलैला बायकोनं प्रसादाचा शिरा केला. शेजारचे रिटायर्ड इंग्रज गृहस्थ कुंपणापाशी गुलाब छाटत होते, त्यांना वाटी नेऊन दिली. कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले की इतक्या वर्षांनी आता माफ करायला हरकत नाही, आणि चमचा चाटून पुसून वाटी परत दिली. हे ऐकून धाकटी गाडीत एकटीच इतकी हसली की बाजूच्या गाडीतल्या माणसानं काच खाली केली.

शेवटचा अध्याय सुरू झाला. राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक जंत्री त्यात आहे. मी अगदी खड्या आवाजात वाचली, एकेक तक्रार मराठीत फोड करून सांगितली. संपल्यावर आई म्हणाली, “म्हणजे भांडण चहाचं नव्हतंच. यांना न विचारता परस्पर ठरवायचे, त्याचं होतं.” मी मांडीवर थाप मारली. धाकटीला म्हटलं, बघ, सगळ्या परीक्षेचं सार आईनं एका वाक्यात सांगितलं, हेच घोक. तिनं तीनदा घोकलं. आईनं समई शांत केली आणि टॉवेलची घडी घालायला घेतली. ती बराच वेळ घडी घालत होती. मला वाटलं, बसून बसून पाय अवघडला असेल.

धाकटी पास झाली. एकही उत्तर चुकलं नाही. इमारतीच्या बाहेर पायऱ्यांवरूनच तिनं व्हिडिओ कॉल लावला, हसत होती, रडत होती, फोन हलत होता. मी खरंच खूश झालो, आणि त्याच वेळी आता आई जाणार हेही लक्षात आलं. ती म्हणाली, दादा, आता शपथविधी झाला की लगेच आईचा अर्ज टाकते. मीही कर्तव्यदक्ष भाऊ, म्हटलं, मी सांगलीच्या एजंटला फोन करतो, फ्लॅटला गिऱ्हाईक बघायला सांगतो. आई आमच्या मधोमध बसली होती, म्हणजे माझ्या शेजारी आणि तिच्या स्क्रीनसमोर.

आईनं शांतपणे विचारलं, की फ्लॅट विकायचं कधी ठरलं. मी म्हटलं, मागच्या दिवाळीत. तेव्हा मी कुठे होते, तिनं विचारलं. ती तेव्हा इथंच होती, माझ्याच घरात, किचनमध्ये आमच्यासाठी चकल्या तळत होती आणि मी लाउंजचं दार लावून धाकटीशी बोलत होतो. मी तेच सांगितलं.

“सात दिवस पारायण केलंत,” आई म्हणाली, “आणि ऐकलं एकटीनं मीच.”

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मला खूप लाज वाटली. त्रेपन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा तोंड उघडून तिला विचारलं, आई, तुला कुठे राहायचंय? ती म्हणाली की आत्ता सांगणार नाही. तुम्हाला ठरवायला दिवाळीपासून जुलै लागला, मला आठ दिवस द्या.

ते आठ दिवस आम्ही दोघांनी कसे काढले ते आम्हालाच माहीत. धाकटी रोज मला चोरून फोन करायची, काही बोलली का? मी शेजारच्या रीडिंग शहरात जाऊन शेवग्याच्या शेंगा आणल्या, हापूसचा पल्प आणला. तिनं तिकडून आईसाठी लोकरीचा कोट पाठवला, भर जुलैत. आईनं शेंगा खाल्ल्या, कोट घालून आरशात बघितला, आणि ओठ काही उघडला नाही. बायकोला मात्र फार मजा येत होती. तुम्हा दोघांचं इलेक्शन चाललंय, म्हणायची.

आठव्या दिवशी चहा झाल्यावर आईनं स्वतःच धाकटीला कॉल लावायला सांगितलं. कोट नीट बसतो, म्हणाली. मग म्हणाली की ती सांगलीला राहणार आहे. दोघांकडे येईल, हौसेनं येईल, राहील आणि परत जाईल. तिथं तिला उठल्यापासून कुणाला काही विचारावं लागत नाही.

माझा स्वभाव किती पोरकट आहे बघा. पहिल्यांदा मला आनंदच झाला, की धाकटीकडे जात नाही म्हणून. मग लक्षात आलं की माझ्याकडेही राहत नाही. धाकटीचा चेहरा स्क्रीनवर वेडावाकडा झाला आणि माझाही झाला असणार. मी बोलायला लागलो. गुडघा, दोन जिने, बीपी, बाथरूममध्ये पडलीस तर, गॅस चालू राहिला तर, आम्हाला पोचायलाच दोन दिवस लागतात, तोपर्यंत तुला कोण बघणार. बोलता बोलता मला रडू कोसळलं. आईनं मला मधे तोडलं नाही. सगळं संपेपर्यंत थांबली आणि माझा हात हातात घेतला.

“तू विचारलंस ना मला?” ती म्हणाली. “मग आता ऐक.”