गायीची डावी बाजू

ती पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती शाळेच्या नळावर. पाचवीचा वर्ग रांगेत उभा होता आणि ही एकटी नळाखाली कोपरापर्यंत साबण चोळत होती. साबण घरचा, डबीत घालून दप्तरातून आणलेला.

"अगं, आत्ताच जेवायला बसायचंय का?" मी विचारलं.

तिनं ओले हात पाठीमागे लपवले. "बाई, वास येतो का हो?"

मला वास आला तो फक्त साबणाचा. पण वर्गातल्या कुणीतरी तिला 'गोठा' अशी हाक मारली होती, आणि ती हाक काही केल्या तिच्या मनातून जाईना. मी त्या मुलाचा कान पिळला. त्यानं हाक बंद केली. हिनं साबण बंद केला नाही.

घरी गायी होत्या. वडील दूध संघाच्या गाडीवर चालक, त्यामुळे घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. गोठा सगळा आईच्या अंगावर. ती मला चांगली ठाऊक होती, कारण सकाळचं दूध मी संकलन केंद्रावरूनच आणत असे. आडव्या हाडाची, मोजकं बोलणारी बाई. कुणाची नवी व्यालेली गाय सडाला हात लावू देत नसली की बोलावणं हिला जायचं. ही जाऊन गायीच्या पाठीवरून हात फिरवायची, काहीतरी पुटपुटायची, आणि गाय पान्हा सोडायची. कशी, ते कुणी विचारलं तर म्हणायची, "घाई करत नाही, एवढंच." सगळ्या केंद्रावर तिचा तेवढा एकच मान होता.

पुढे मुलगी कॉलेजात गेली. बोलायला चुणचुणीत, दिसायला नीटस. त्याच वर्षी दूध संघानं टूम काढली, की उत्पादकांच्या घरातली एक तरुण मुलगी 'दुग्धदूत' म्हणून नेमायची. खांद्यावरून तिरका निळा पट्टा घालून तिनं शाळाशाळांतून जायचं, दुधाबद्दल आणि दूध काढणाऱ्या माणसांबद्दल बोलायचं. अट एकच होती: मुलगी स्वतः गोठ्यात राबणारी हवी.

निवडीच्या दिवशी ती व्यासपीठावर उभी राहिली आणि म्हणाली, "माझा दिवस सुरू होतो तो गायीच्या धारेनं." टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही हात दुखेपर्यंत वाजवल्या. माझ्या पुढच्या रांगेत तिची आई बसली होती. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, लेकीचं कौतुक ऐकून लाजली असेल.

महिन्याभरात संघाचा मेळावा आला. पटांगणात मांडव, पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मागे बाकांवर दूध घालणाऱ्या बायका आणि त्यांचे नवरे. मधोमध तिच्याच घरची तांबडी गाय आणून बांधलेली. दुग्धदूत धार काढणार, तिचा फोटो संघाच्या दिनदर्शिकेवर छापणार, असं सचिवांनी माइकवरून सांगितलं. ती इस्त्रीच्या कपड्यांत, पट्टा सावरत, बादली घेऊन आली आणि गायीच्या उजव्या अंगाला बसायला वळली.

"ताई, तिकडे नको!" फोटोवाला ओरडला. "तोंडावर सावली येते. पलीकडे बसा. हं, आता कसं झकास!"

आणि ती डाव्या अंगाला जाऊन बसली.

आमच्याकडे धार उजव्या अंगानंच काढतात. गायीला पहिल्या वेतापासून तीच सवय असते. रोज गोठ्यात बसणारा माणूस, कुणी कितीही दटावलं, तरी डावीकडे बसायचा नाही; बसलाच तर आधी गायीला फिरवून घेईल. ही मान तिरकी करून कॅमेऱ्याकडे बघून हसली, आणि हात पुढे केला.

फोटो निघाला. पुढच्या क्षणी गायीनं लाथ झाडली. बादली खणखणत खुर्च्यांपर्यंत गेली आणि ही मागच्या मागे मातीत बसली. पाहुणे दिलखुलास हसले. "गायीला फोटो आवडला नाही वाटतं!" एक जण म्हणाला. मागच्या बाकांवर मात्र कुणी हसलं नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग आपापल्या पायांकडे. 

तेवढ्यात तिची आई उठून पुढे आली. बादली उचलली, गायीच्या मानेवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीची काही चूक नाही. गाय गर्दीला बुजली. मीच तिला या बाजूनं शिकवलंय. घरी मी डावीकडूनच काढते."

मुलगी मातीत बसल्या बसल्या आईकडे बघत राहिली.  सचिवांनी तिला हात धरून उठवलं, आणि कार्यक्रम पुढे सरकला.

दुसऱ्या दिवसापासून केंद्रावर चेष्टा सुरू झाली. तिच्या शेजारच्या काकूंच्या जिभेला हाड नाही. आई कॅन उतरवायला लागली की त्या म्हणायच्या, "सरका गं बायांनो, डावखुरी आली! फॅटसुद्धा उलटी लागायची हिच्या दुधाला." बाकीच्या तोंडाला पदर लावून हसायच्या. आई कॅन ठेवून पावती घ्यायची आणि निघून जायची. मग एके दिवशी काकूंचीच गाय व्याली, अंगाला हात लावू देईना, आणि बोलावणं दुसऱ्याच बाईला गेलं. ते मला केंद्रावर कळलं. मुलीला घरीच कळलं असणार. काकूंचा गोठा हिच्या घराच्या भिंतीला लागून.

त्यानंतरच्या एका सकाळी मी भांडं घेऊन रांगेत उभी होते. आई पुढे होती; तिचं दूध नुकतंच ओतून झालं होतं. काकूंनी तोंड उघडलंच होतं, एवढ्यात मुलगी आली. कुठल्याशा शाळेत कार्यक्रम असावा, पट्टा खांद्यावर होता. ती वजनकाट्याजवळ येऊन थांबली.

"काकू, आई उजवीकडूनच काढते," ती म्हणाली. "तिनं मला काही चुकीचं शिकवलेलं नाही. शिकायला मी गोठ्यात गेलेच नाही कधी. कपड्यांना वास लागेल म्हणून जात नव्हते. निवडीच्या दिवशी मी खोटं बोलले, आणि मेळाव्यात आई माझ्यासाठी खोटं बोलली."

काटा चालवणाऱ्यानं यंत्र बंद केलं. काकू तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, "आणि इतके दिवस तोंडात काय धरलं होतंस गं? तुझ्या आईला आम्ही इथं सोलून काढत होतो ते दिसत नव्हतं?"

"दिसत होतं," ती म्हणाली.

आता आई विरघळेल, लेकीला जवळ घेईल, असं मला वाटलं. शिक्षकांना गोष्टी तशा संपलेल्या आवडतात. पण आईचा चेहरा लाल झाला होता. "झाकलं होतं ना मी?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "चारचौघांत उघडं करायची काय गरज होती? बापानं काय तोंड दाखवायचं आता गाडीवर? चल घरी." कॅन तिथेच टाकून ती चालायला लागली. मुलीनं रिकामा कॅन उचलला आणि चार पावलं मागे राहून गेली.

पट्टा तिनं त्याच दिवशी संघाच्या कार्यालयात नेऊन दिला. सचिव भले गृहस्थ. रागावले नाहीत, नुसतं "बरं" म्हणाले. त्यांचा तो एक शब्दच तिला सगळ्यात जास्त लागला, असं तिनं मला पुढे सांगितलं. दिनदर्शिका मात्र छापून झाल्या होत्या. वर्षभर घराघरांत, केंद्राच्या भिंतीवर, डॉक्टरांच्या दवाखान्यातसुद्धा ती गायीच्या डाव्या अंगाला बसून हसत होती. त्या वर्षी ती केंद्रावर आली की खाली बघूनच उभी राहायची. काकूंनी आपल्या घरातली दिनदर्शिका भिंतीकडे तोंड करून टांगली होती, आणि तारखा बघायला दर वेळी उलटवायच्या. त्यांच्या मानानं हा मोठाच उपकार होता. आईला पुन्हा पहिलं बोलावणंही त्यांनीच पाठवलं.

लेकीला धार काढायला आईनं शिकवलं, पण बरंच उशिरा, आणि फारसं न बोलता. शाळांत बोलायला आता दुसऱ्या मुली जातात. हिला संघानं नंतर एकदा विचारलं होतं, तिनं नको म्हटलं. ती सध्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते, आणि संध्याकाळची धार तिच्याकडे असते. सकाळची आईच काढते.