कॅमेऱ्यामागची बुटकी

झेरॉक्सवाल्या काकांनी दुकान बंद केलं तेव्हा मशीन विकलं गेलं, कपाटं विकली गेली, संगणक मात्र कोणी घेईना. भंगारवाल्यानंही नाक मुरडलं. लोकांचे अर्ज टाइप करण्यात त्याची उमर गेली होती. चालू केला की तो आधी भरपूर घरघर करायचा आणि मगच जागा व्हायचा. काकांनी तो घरी आणून मुलीच्या खोलीत ठेवला. खोली रिकामीच होती.

मुलगी एकुलती एक. बापापेक्षा वीतभर उंच, म्हणून घरात तिचं नाव बुटकी. जमिनीची मोजणी करणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. खांद्यावर तिपाई टाकून डोंगरदऱ्या तुडवायची. एका घाटात त्यांची जीप दरीत गेली. कंपनीच्या माणसांनी तिची बॅग आणून दिली. त्यात कपडे होते, बूट होते आणि तिचा मोबाइल होता. काचेला तडा गेला होता, पण मोबाइल चालू झाला. आत व्हिडिओच व्हिडिओ.

काकूंनी त्याला हात लावला नाही. काकांना मात्र वाटलं, या सगळ्याचा एक नीट सिनेमा करावा. पण संगणकावर पहिलाच व्हिडिओ लावला आणि तो जागीच गोठला.

बाजारातला दुरुस्तीवाला बुटकीचा वर्गमित्र होता. त्यानं काकांचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही. जुनी डिस्क काढून नवी बसवली, कोणाच्या तरी मोडलेल्या संगणकातली मेमरी याला लावली आणि हलकी, फुकट मिळणारी प्रणाली टाकून दिली. "काका, तो म्हातारा आहे, त्याला झेपेल एवढंच द्यायचं," तो म्हणाला. मूळ व्हिडिओंना हात लावायचा नाही, त्यांच्या लहान, धूसर नकला करायच्या, कापाकापी त्या नकलांवर करायची. शेवटी नकलांच्या जागी मूळ चित्रं जोडायचं काम संगणक आपणहून करतो, फक्त वेळ फार घेतो. नकला काढायच्या म्हटल्यावर काकांना धीर आला. जन्मभर दुसरं केलंय काय!

ते रोज दुपारचं जेवण उरकून त्या खोलीत बसू लागले. काम त्यांच्या शिस्तीनं चाललं होतं. हललेलं चित्र कापलं, वाऱ्याचा आवाज कापला, भिंगावर बोट आलेलं कापलं, मधेच कोणी खोकलं तर तेही. उरले ते स्वच्छ डोंगर, नदी, धुकं, शेळ्यांचा कळप. सगळं जोडून झाल्यावर त्यांनी काकूंची खूप मनधरणी केली. त्या दारातच उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण यात ती कुठंय?"

आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

काकांनी सिनेमा पुन्हा लावून पाहिला. खरंच नव्हती. चित्रं घेणारी तीच, मग ती चित्रात येणार कशी? जिथं जिथं ती चुकून आली होती, तिथं तिथं त्यांनीच कात्री चालवली होती. नशीब एवढंच की मूळ व्हिडिओ शाबूत होते.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कापलेला खोकला ऐकू आला तशा काकू कणकेचे हात तसेच घेऊन आल्या. "तिचाच आहे," त्या म्हणाल्या. "थंडी बाधली की अशीच खोकायची. कानटोपी घालायची नाही ना." त्या स्टूल ओढून बसल्या, त्या दिवशी रात्रीच्या पोळ्यांना उशीर झाला.

मग दोघांनी मिळून शोधायला सुरुवात केली. काका माउस धरायचे, काकू "थांबा" म्हणायच्या. खडकावर पडलेली लांबच लांब सावली. जीपच्या आरशात निमिषभर दिसलेला कान, त्यात काकूंनीच दिलेली कुडी. चित्र हलायचं तेव्हा काकू म्हणायच्या, "चढ चढतेय ती, दम लागलाय. काढू नका ते." काकांना रेघ वाकडी गेलेली खपत नसे, पण ते काढेनात.

एका व्हिडिओत माळावर कोणीतरी मोजणीचा खांब वाकडा धरून उभा होता. कॅमेऱ्यामागून काकांचाच करडा सूर आला, "कोपरा जुळवा, कोपरा! कागद सरळ तर काम सरळ!" पाठोपाठ तिचं खदखदून हसणं. "आमचे बाबा. गिऱ्हाइकाला असे दम देतात."

काका हसले. काकूही हसल्या, कितीतरी दिवसांनी. हसता हसता त्यांना रडू फुटलं आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर डोकं टेकलं. एरवी दिवसाढवळ्या त्या असं कधी करत नसत.

शेवटी सिनेमा पुरा झाला. मूळ चित्रं जोडायला संगणकानं सकाळी सुरुवात केली ती दुपार कलेपर्यंत. काकूंनी तोवर मिक्सरही लावला नाही, न जाणो वीज जायची. दोघांनी दार लोटून तो पाहिला. त्यात ती कुठंच पूर्ण दिसत नव्हती आणि सगळीकडे होती.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर काकू सवयीनं खोलीत आल्या. काकांनी संगणक लावला नव्हता. सगळे व्हिडिओ बघून संपले होते. इतके दिवस रोज तिचं काहीतरी नवीन सापडत होतं, एखादा शब्द, एखादी शिंक. आता काही सापडायचं राहिलं नव्हतं.

"आता?" काकूंनी विचारलं.

काकांनी माउस पुसून बाजूला ठेवला.

"तो शेळ्यांचा लावा," काकू म्हणाल्या.

"त्यात ती नाही. दोनदा बघितलाय आपण."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी स्टूल जवळ ओढलं.